पदर कानामागे

१

कारखानिसांच्या गौरी उतरवल्या, तेव्हा थोरलीच्या कानांत बुगड्या नव्हत्या आणि गळ्यात तन्मणी नव्हता.

सकाळच्या आरतीला दोन्ही होतं. दुपारी हळदीकुंकवाला बडोद्यातला अर्धा नागरवाडा येऊन गेला, तेव्हाही बायकांनी मोत्यांचं कौतुक केलं. संध्याकाळी इंदिराबाई कारखानीस दागिने उतरवायला बसल्या, तर पितळी मुखवट्याच्या कानांची नुसती भोकं दिसली. दिवसभर गौरींपाशी आळीपाळीनं तिघीच बसल्या होत्या. सून सुनेत्रा, माहेरपणाला आलेली लेक कमला आणि घरची स्वयंपाकीण कांचन. चौथ्या दिवशी तन्मणी डभोईच्या एका सोनाराकडे सापडला. बुगड्या काही सापडल्या नाहीत. सोनारानं ओळख परेडीत कांचनवर बोट ठेवलं, आणि तिला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली.

कांचनची वकील मी. निरुपमा चौबळ, वय एकोणतीस, अक्कल त्याहून कमी.

हे मी उगाच म्हणत नाही. खालच्या कोर्टात इंदिराबाईंची उलटतपासणी मी घेतली. बाई भल्या, कांचनवर त्यांचा जीव. मला वाटलं, ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांच्याच तोंडून एक चांगला शब्द यावा. मी विचारलं, "कांचनची वागणूक कशी आहे?" त्या म्हणाल्या, "सोन्यासारखी." मी खूश होऊन खाली बसले. सरकारी वकील उभे राहिले, तेही खूश होते.

आरोपीनं आपण होऊन चांगल्या चालचलणुकीचा पुरावा आणला नाही, तर सरकारला तिच्या वाईट चालचलणुकीचा पुरावा आणता येत नाही. कायद्यानं ते दार बंद ठेवलेलं आहे. ते मी आतून उघडलं. सरकारी वकिलांनी शांतपणे एक जुना कागद पुढे केला. नऊ वर्षांपूर्वी सुरतेला कांचनला चोरीसाठी एक महिना झाला होता. निकालपत्रात मग ते वाक्य आलंच: आरोपीची वृत्तीच चोरीची आहे. शिक्षाही त्याच मापानं मिळाली.

अपील माझे सीनियर विश्वंभर टिपणीस चालवणार होते. सत्तरी ओलांडलेले, दम्यानं बेजार, पण डोकं शाबूत. मी त्यांना काका म्हणते.

"सोमवारी अपील," काका म्हणाले. "आज मंगळवार. तिची मुलगी किती वर्षांची झाली?"

"मंदा? पाडव्याला सहा पूर्ण होतील."

"म्हणजे अपिलानंतर सहाच दिवस. आणि सहा झाली की?"

"आईजवळ जेलमध्ये ठेवत नाहीत. बाहेर काढतात."

"बाहेर कुणाकडे?"

मंदाचे वडील रेल्वेत होते, ते वारले. दुसरं कुणी नव्हतं. सरकारी आश्रमाचा फॉर्म जेलरनं भरूनसुद्धा ठेवला होता. हे काकांना माहीत होतं आणि मलाही.

२

जेलच्या दारावरचा कारकून दर भेटीला कैद्याची नोंद मोठ्यानं वाचायचा. दिवसभरात बोलायला तेवढंच मिळत असावं.

"कांचन गणपत सोनवणे. वय चौतीस. हनुवटीवर तीळ. डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग. दोन्ही कानांच्या वरच्या कडेला बुजलेली छिद्रं. तीच ने?"

"तीच," मी म्हटलं. "गेल्या आठवड्यातही तीच होती."

कांचन जाळीपलीकडे आली. मंदा तिच्या पायाशी बसून पाच खडे वर उडवून झेलत होती. एक सारखा निसटायचा, ती न कंटाळता पुन्हा उचलायची.

"सुरतेचं खरंय का?" मी विचारलं. खालच्या कोर्टात हे मी आधी विचारायला हवं होतं.

"खरंय," कांचन म्हणाली. "पितळेची तपेली होती."

"उपाशी होतीस?"

"नव्हते. तुम्ही म्हणता तर तसं सांगते कोर्टात. पण नव्हते उपाशी. तपेली आवडली मला. अशी गोल होती." तिनं हातानं गोल करून दाखवला. "त्यानंतर कुणाची काडी उचलली नाही, वकीलबाई. पण एकदा उचललीय ना, आता कुठंही काही हरवलं की माझंच नाव येणार."

"तन्मणी विकला त्या दिवशी तू कुठं होतीस?"

"घरी झोपले होते. तीन दिवस पुरणावरणाचा स्वयंपाक केला, हात उचलत नव्हते."

"कुणी पाहिलं?"

तिनं खाली मंदाकडे बघितलं. साक्षीदार म्हणून ती पोर, आणि तेव्हा तीही झोपलेलीच असणार. मी वहीत काहीच लिहिलं नाही.

निघताना कांचन म्हणाली, "मंदीला आश्रमात नेतील तेव्हा मला आधी सांगतील ना? की सकाळी उठून बघायचं, ती नाही?"

रिक्षात बसल्यावर मी ढसाढसा रडले, आणि रिक्षावाल्यानं सभ्यपणे आरसा फिरवला.

३

बुधवारी काकांनी परेडीचा कागद माझ्यापुढे टाकला. "हा वाच. आणि जी ओळ नसती तरी चाललं असतं, ती शोध."

परेड घेणारा अधिकारी नेटका माणूस होता. कांचनसह नऊ बायका, सगळ्या तीस ते चाळीसच्या, सारख्या बांध्याच्या. सगळ्यांना एकसारखी पांढरी लुगडी. कांचनच्या हनुवटीवर तीळ म्हणून बाकीच्या आठजणींच्या हनुवटीवरही काजळाचा ठिपका लावलेला. सगळ्यांच्या डोक्यावरून पदर, चेहरे उघडे. मग सोनार आला, रांगेपुढून दोनदा फिरला आणि सातव्या जागेवरच्या बाईकडे त्यानं बोट केलं. ती कांचन.

"यात खोट काढायला जागाच नाही, काका."

"खोट काढ म्हटलं नाही मी. जास्तीची ओळ काढ म्हटलं."

मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती दिसली. 'साक्षीदाराच्या विनंतीवरून सर्व स्त्रियांना पदर कानामागे घेण्यास सांगितले.'

"हं," काका म्हणाले. "माणूस ओळखायला कपाळ बघतील, नाक बघतील. कान कशाला?"

"पदरानं चेहरा झाकला जात असेल."

"चेहरा उघडाच होता. वरच्याच ओळीत लिहिलंय." त्यांना खोकल्याची ढास लागली. मी पाणी दिलं. "निरुपमा, या माणसानं चेहरा ओळखलेलाच नाही. त्यानं काहीतरी दुसरंच ओळखलंय. ते काय हे सोमवारपर्यंत कळलं नाही, तर त्या पोरीचा पाडवा आश्रमात."

४

गुरुवारी मी नागरवाड्यात गेले. फिर्यादीच्या घरी बचावाची वकील म्हणजे खरं तर आगाऊपणाच, पण इंदिराबाईंनी दारातच माझा हात धरला.

"अहो, मी चांगलंच बोलले होते ना? मग असं कसं झालं?"

"तुमचं चुकलं नाही, मावशी. माझं चुकलं."

ओटीवर सुनेत्रा आणि कमलाताई दोघीही होत्या. कमलाताई छाणीला राहते, दर गुरुवारी आईकडे येते. त्रेचाळीस वर्षांची, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी बाई. मोकळ्या डोक्यानं बसून पापडीच्या शेंगा निवडत होती. कानांच्या वरच्या पाळीत कडुनिंबाची बारीक काडी होती. दागिना हाताशी नसला की आमच्या घरातही बायका नाकाकानात अशी काडी घालून ठेवतात.

सुनेत्रा माझ्याशी नीट बोलायलाच तयार नव्हती. "जवा दे ने आता, सोडा. सोनार बोलला, कोर्ट बोललं. आणखी काय?"

"तन्मणी विकला त्या दिवशी तुम्ही कुठं होता, वहिनी?"

तिचा चेहरा उतरला. "मी... मैत्रिणीबरोबर सिनेमाला. घरी सांगितलं नव्हतं."

"सुनेत्रा!" इंदिराबाई म्हणाल्या.

"गौरींचं करून कंटाळा आला होता, आई! आणि दागिने मला मिळणारच होते. तुम्हीच हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर म्हणालात ने, बुगड्या आणि तन्मणी सुनेत्राला. मी कशाला चोरू?"

यात तथ्य होतं. पण सिनेमाचं तिकीट कुणी सहा महिने जपून ठेवत नाही. सुनेत्रा एकटीच निघाली होती, डभोईची गाडी तासाभरात पोचते, आणि दागिने हिच्या हाती पडायला अजून अवकाश होता. मी मनात तिच्या नावापुढे खूण केली.

"बुगड्या घालणार होता तुम्ही?"

"छे! कोण घालतं आता? माझे कान तिथं टोचलेलेच नाहीत. मोडून अंगठी करणार होते. तसं बोललेही मी तेव्हा."

"माझ्या आजेसासूबाईंच्या होत्या," इंदिराबाई हळूच म्हणाल्या. "पण ज्याची वस्तू त्याची मर्जी."

कमलाताईनं शेंगांची परात उचलली. माझ्याजवळून जाताना ती थांबली. "कांचन अपिलात सुटेल ने हो?"

"सांगता येत नाही."

"सुटायला हवी," ती म्हणाली, आणि आत गेली.

५

शुक्रवारी मी प्रतापनगरहून छोट्या गाडीनं डभोईला गेले. काकांना सांगितलं नाही. सरकारपक्षाच्या साक्षीदाराला गाठायचं म्हणजे सनदेशी खेळ, हे मला कळत होतं. पण पाडव्याला नऊ दिवस राहिले होते.

रमणीकलाल सोनी साठीचा, पोट सुटलेला, गोड बोलणारा माणूस निघाला. डभोईत गायकवाडी अमलातलं मोडकंतोडकं मराठी अजून टिकून आहे, त्यातलंच तो बोलायचा. मी गिऱ्हाईक होऊन बसले. आजीच्या बुगड्या आहेत, घालाव्यात म्हणते, असं सांगितलं.

"कान दाखवा, बेन." त्यानं माझा कान असा धरला, जसा डॉक्टर नाडी धरतो. माझ्या तोंडाकडे त्यानं अजून नीट पाहिलंही नव्हतं. "कोरा छे. भोक पाडावं लागेल. मग त्रण महिना काडी ठेवायची, नाहीतर बुजून जाय. बुजलं तर केसपण नाय जात आत, फरी टोचा."

"तुम्ही कान बघूनच माणसं ओळखता वाटतं," मी हसत म्हटलं.

"धंदा छे, बेन. चेहरा मी विसरून जातो. कान नाय विसरत."

"आजकाल बुगड्या घालणारं कुणी भेटतं का?"

"कोण घालते! भादरव्यात एक बेन आली होती, घालून. डोक्यावरून पदर, पण तो सरकला ने, तेव्हा मी बुगडी बघितली. पाणीदार मोती, जुना घाट. मला वाटलं, खानदानी बाई, तिचाच तन्मणी..."

तो थांबला. माझा कान त्यानं अजून धरलेलाच होता. तो त्यानं सोडला.

"तुम्ही कोण?"

मी खरं नाव सांगितलं. त्यानं समोरची पेटी मिटली. "दुकान बंद करायचं हाय."

"सोनीकाका, तन्मणी विकणारी बाई चोरीच्या बुगड्या कानात घालून आली होती. हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?"

"दुसऱ्याच दिवशी चोरीच्या मालाची यादी आली. तिच्यात बुगड्या! मी बोललो असतो की माझ्या डोळ्यासमोर होत्या, तर मलापण आत घातला असता." तो गादीवर मटकन बसला. "पण खोटं नाय बोललो. परेडमधी पदर मागे करवला, कान बघितले. नऊमधी एकीलाच वरती निशाण होतं. तिच्यावर बोट ठेवलं. बीजी, दुसरी कोण असेल?"

मी जवळजवळ धावतच स्टेशनवर आले. काकांचं कोडं सुटलं होतं. गाडी हलली, वारा लागला, आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे.

सोनारानं कान ओळखला होता. विकणारीला बुगडीची भोकं होती. आणि रांगेत बुगडीची खूण एकट्या कांचनच्या कानांवर होती. याचा अर्थ सरकारी वकील एकच काढणार. मी सोडवायला गेले होते आणि फास घट्ट करून परत आले होते.

संध्याकाळी काकांनी ऐकून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "सनद घालवशील! साक्षीदाराला भेटतेस? आणि हे कोर्टात आणलं, तर कांचन संपली. नाही आणलं, तर आपल्यापाशी दुसरं आहे काय?"

६

शनिवारी मी जेलवर गेले ती कांचनला तयार करायला. पाच दिवस हिला खोटी आशा दाखवली, आता निदान सांगावं तरी, इतकंच मनात होतं.

कारकुनानं नोंदवही उघडली. "कांचन गणपत सोनवणे. वय चौतीस. हनुवटीवर तीळ. डाव्या पोटरीवर भाजल्याचा डाग. दोन्ही कानांच्या वरच्या कडेला बुजलेली छिद्रं. तीच ने?"

"परत वाचा," मी म्हटलं.

"केम?"

"शेवटची खूण. परत वाचा, भाई."

"बुजलेली छिद्रं."

"ही नोंद कधीची?"

त्यानं बोट फिरवलं. "आणली त्या दिवसाची. वीस सप्टेंबर." परेड झाली होती एकोणतीसला, आणि नोंदीच्या वेळी विक्रीला आठवडाही झाला नव्हता.

मी आत पळाले. कांचननं केस मागे घेतले. वरच्या पाळीवर दोन्हीकडे मोहरीएवढा खळगा होता, आत कातडी भरून आलेली. जेलच्या अंगणातल्या कडुनिंबाची काडी मेट्रननं आणली आणि हलकेच टेकवून पाहिली. आत जाईना.

"लहानपणी आईनं टोचले होते," कांचन म्हणाली. "घालायला होतं काय? काडीपण किती दिवस घालणार? लग्नाआधीच बुजले."

रमणीकलालचे शब्द माझ्या कानांत वाजत होते. बुजलेल्यात केसपण जात नाही. म्हणजे डभोईला बुगड्या घालून गेलेली बाई कांचन नव्हतीच. सुनेत्राही नव्हती, तिचे कान कोरे. ज्या बाईनं तन्मणी विकला पण बुगड्या ठेवून घेतल्या, तिला त्या घालायच्या होत्या. तिचे कान वर्षानुवर्षं तयार होते. तन्मणी तिला नकोच होता. नुसत्या बुगड्या गेल्या असत्या, तर घरात पहिला संशय कुणावर आला असता? म्हणून तन्मणीही उचलायचा, विकायचा, सापडू द्यायचा.

कडुनिंबाची ती काडी अजून मेट्रनच्या हातात होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला नागरवाड्यातली ओटी दिसली.

रविवारी दुपारी छाणीला कमलाताईंच्या दारात उभी राहिले, तेव्हा ऊन नुसतं भाजून काढत होतं. तिचे यजमान ड्यूटीवर होते. घरात दुसरं कुणी नव्हतं, पंखा बंद होता, आणि तरी कमलाताईच्या डोक्यावरून पदर होता, दोन्ही कानांवर घट्ट ओढून घेतलेला.

"बसा," ती म्हणाली. "चहा करते."

"चहा नको. मी तुम्हाला काही विचारणार नाही, ताई. फक्त सांगते." आणि मी सगळं सांगितलं. सोनारानं काय पाहिलं ते, कांचनचे कान, मंदाचा पाडवा.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्या सोनाराला चेहरा आठवत नाही?"

इथं खोटं बोलावं असं मला फार वाटलं. "नाही. चेहरा त्यानं पाहिलाच नाही."

"म्हणजे त्याला कुणाचंच नाव घेता येणार नाही."

"नाही."

तिनं पदर आणखी पुढे ओढला. मी तिच्या अंगावर धावून तो मागे करू शकले असते, आणि माझा हात तसा उठलाही होता. पण बळजबरीनं उघडलेल्या कानाचं मी कोर्टात काय करणार होते? मी चपला घातल्या. मागे दार लागल्याचा आवाज आला.

७

सोमवारी काकांनी सोनाराला पुन्हा तपासण्याची परवानगी मागितली आणि मिळवली. रमणीकलाल पिंजऱ्यात उभा राहिला. काकांनी एकच विचारलं, "परेडीत पदर मागे घ्यायला का सांगितलंत?" आणि तो माणूस बांध फुटावा तसा बोलला. बुगड्या, मोती, भीती, सगळं.

सरकारी वकील उठले, मला शुक्रवारी गाडीत सुचलं होतं तेच घेऊन. "म्हणजे विकणारीला बुगडीची भोकं होती. आणि खुणा फक्त आरोपीच्या कानांवर आहेत. शिवाय ही पूर्वीची शिक्षा झालेली बाई आहे. अपिलात आता उरलं काय?"

काकांनी जेलची नोंदवही पुढे केली.

"बुजलेली!" सरकारी वकील हसले. "किती बुजलेली? जेलचा कारकून काय डॉक्टर आहे?"

न्यायाधीशांनी नोंद दोनदा वाचली. त्यांच्या कपाळावर आठी होती. "मुद्दा गंभीर आहे," ते म्हणाले. "डॉक्टरी तपासणी होऊ दे. तीन आठवड्यांनंतरची तारीख देतो."

तीन आठवडे. पाडवा मधेच होऊन जाणार होता. मी कांचनकडे पाहिलं. तिनं तारीख ऐकली होती आणि बोटांवर दिवस मोजत होती.

"साहेब," मागून कुणीतरी म्हणालं.

शेवटच्या बाकाजवळ कमलाताई उभी होती. शेजारी इंदिराबाई, गोंधळलेल्या. लेकीनं त्यांना नुसतं 'चल' म्हणून आणलेलं असावं. कमलाताई चालत पुढे आली, पिंजऱ्यासमोर थांबली, आणि कुणी न सांगता तिनं पदर कानांमागे घेतला.

दोन्ही कानांत बुगड्या होत्या. तीन मोती, जुना घाट.

रमणीकलालनं कठडा धरला. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "हाच, साहेब," तो म्हणाला. "हाच कान."

पुढचं सगळं गडबडीत झालं. कमलाताईचा जबाब दोन पानांचा होता. डभोईला त्या का घातल्या, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बडोद्यात कुठं घालणार होते? तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. एक दिवस घालायच्या होत्या. आणि कांचन अपिलात सुटेल असं वाटलं होतं." कांचनला त्याच संध्याकाळी जामिनावर सोडण्याचा हुकूम झाला, आणि निर्दोष ठरवल्याचा निकाल गुरुवारी आला. कमलाताईंवरची केस वेगळी चालली. ती मी घेतली नाही.

पण मला आठवतो तो कोर्टाबाहेरचा व्हरांडा. इंदिराबाई बाकावर बसल्या होत्या, पोलीस कमलाताईला घेऊन निघाले होते.

"मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या गं," इंदिराबाई रडत म्हणाल्या.

कमलाताई थांबली. "अकरा वर्षांची असताना टोचलेत कान, आई. तूच धरून बसली होतीस मला. आजी म्हणाली होती, बुगड्या हिच्या. बत्तीस वर्षं काडी घालून समोर वावरले. आणखी कसं मागायचं असतं?"

मला त्या बाईचा राग होता, एका पोरीच्या सहा महिन्यांचा राग होता, आणि तरी ती जिना उतरून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभी होते.

संध्याकाळी मी जेलच्या दाराशी गेले. कांचन बाहेर आली, कडेवर मंदा, मंदाच्या मुठीत पाच खडे. कारकुनानं शेवटची नोंद मोठ्यानं वाचून दाखवली आणि वही मिटली. रिक्षापर्यंत आम्ही तिघी चालत गेलो. मला तिची माफी मागायची होती. दुपारपासून वाक्यं जुळवत होते, त्यातलं एकही आठवेना.

"कांचन, कोर्टात त्या दिवशी मी तो प्रश्न..."

"असू दे," ती म्हणाली. मंदाला तिनं रिक्षात बसवलं, मग माझ्याकडे वळली. "फक्त एक करा, वकीलबाई. पुन्हा कधी माझ्यावर आळ आला, तर माझ्याबद्दल चांगलं बोलू नका."